टिंबाचं नाणं

वर्षाची पहिली सकाळ मिस्त्री कुणाला देत नसे. बाकी सगळ्या सकाळी दुसऱ्यांच्याच असत. कुणाच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, कुठे दार मिटत नाही, कुठे कुणाच्या आजारी सासऱ्याला सहाव्या मजल्यावरून उतरवायचंय. पण एक जानेवारीला लिफ्टची कंपनी बंद असे आणि मिस्त्रीचा फोन टेबलावर पालथा पडलेला असे. खिडकीजवळ निळा फडका पसरलेला. त्यावर भिंग, मऊ टोकांचा चिमटा, तपकिरी कागदाच्या चौकोनी पाकिटांची गड्डी आणि एक लांबट वही. त्या वहीत तो नाण्यांच्या छंदाचे नव्या वर्षाचे संकल्प लिही. पाचच. चार जमण्यासारखे आणि एक जीव काढणारा.

"अहो, झाले का पाच?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"मागण्यात घाई करू नये."

"दर वर्षी नाणी, नाणी, नाणी. एखादा संकल्प माझ्या नावचा लिहा की."

"तुझा कशाला लिहायचा? तू मिळालेली आहेस. इथे न मिळालेलं लिहायचं असतं."

"बरं बोलता येतं हो सकाळी सकाळी," ती म्हणाली, आणि भांडी विसळता विसळता गुणगुणायला लागली. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिनंच जोडलेल्या ओळी होत्या त्या, नवऱ्याला चिडवायला:

हरीण धुंडाया
गेला माझा राजा
उघडा दरवाजा
ठेवुनीया

मिस्त्री हसला. हरीण म्हणजे त्याची हरिणाची नाणी. तांब्याची, नखाएवढी. एका अंगाला पळतं हरीण, दुसऱ्या अंगाला साल. ती फक्त सात वर्षं पडली, पण दोन टांकसाळींत. एका टांकसाळीचं नाणं साधं, दुसरीच्या नाण्यावर सालाखाली एक बारीक टिंब. सात साधी, सात टिंबाची. चौदा नाण्यांचा संच. मिस्त्रीपाशी तेरा होती. शेवटच्या सालचं टिंबाचं हरीण नव्हतं. नऊ वर्षं तो ते शोधत होता, आणि नऊ वर्षं संकल्पांत पहिल्या ओळीवर तेच होतं.

इतर नाणेवाले याद्या ठेवतात. काय आहे, काय नाही, कुठून आलं. मिस्त्री याद्यांना हसे. आठशे-नऊशे नाणी त्याला तोंडपाठ होती. "माझी यादी इथे," असं म्हणून तो कपाळावर बोट टेकवी. पाकिटावर तेवढं तारीख आणि ठिकाण लिही, तेही नाणं आत घालायच्या आधी, म्हणजे पेनाचा दाब नाण्यावर उमटत नाही. त्यापलीकडे लिहायची त्याला गरज वाटली नव्हती.

त्यानं वहीचं कोरं पान उलगडलं आणि सवयीनं लिहिलं: पहिला, टिंबाचं हरीण, शेवटचं साल. दहाव्यांदा लिहितोय, असं मनाशी म्हणून तो थोडा उदासही झाला. मग त्यानं खालच्या कप्प्यातून पत्र्याचा चपटा डबा काढला. आतली चौदा खोबण्यांची मखमली पाटी त्यानं स्वतः बनवली होती. दर वर्षी पहिला संकल्प लिहून झाला की तो डोळे मिटून त्या रिकाम्या चौदाव्या खोबणीत बोट घालून बसे. नाणं नाही, तर नाण्याची जागा तरी. ही गंमत बायकोलाही माहीत नव्हती.

त्यानं डोळे मिटले. बोट खाली नेलं.

बोटाला धातू लागला.

तो गार होता, गोल होता, आणि खोबणीत अगदी बरोबर बसला होता. मिस्त्रीनं डोळे उघडले नाहीत. खोबणी चुकली असेल. त्यानं बोटांनी कडेपासून मोजलं. बारा. तेरा. चौदा. पुन्हा मोजलं. मग डोळे उघडले आणि भिंग उचललं. पळतं हरीण. उलटवलं. शेवटचं साल. सालाखाली टिंब.

नऊ वर्षं ज्या टिंबासाठी डोळे फोडले ते समोर होतं, आणि मिस्त्रीला आनंद होईना. हे इथं कुणी ठेवलं?

पाटीखाली पाकिटं असत. त्यानं मागच्या बाजूचं एक काढलं. अक्षर त्याचंच होतं, 'र' ची शेपटी लांबवणारं. 'तेवीस ऑगस्ट. चिल्लरमावशी. अखेर!!' पाकीट रिकामं होतं, म्हणजे नाणं यातूनच पाटीत गेलं. त्याच्यामागे आणखी एक पाकीट होतं. ते रिकामं नव्हतं. 'नऊ नोव्हेंबर. चिल्लरमावशी. अखेर!!' त्यानं ते तळहातावर उपडं केलं. दुसरं टिंबाचं हरीण, पाटीत बसवायचं राहून गेलेलं. तेच साल, तेच टिंब.

दोन्ही पाकिटांवर दोन-दोन उद्गारचिन्हं. दोन्ही वेळा त्याला तितकाच आनंद झाला होता. आणि आता त्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. ना ऑगस्ट, ना नोव्हेंबर. डोक्यात त्या जागी भोकही नव्हतं, की इथून काही गेलं असं कळावं. सगळं सपाट होतं, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

त्यानं वहीचं मागचं पान उलटलं. गेल्या वर्षीचा पहिला संकल्प. त्यावर लाल पेनानं मारलेली मोठी बरोबरची खूण.

"अहो, चहा."

त्यानं नोव्हेंबरचं पाकीट झटकन सदऱ्याच्या खिशात सारलं. चोरी पकडली जावी तसा त्याचा चेहरा झाला असणार, पण बायकोचं लक्ष कपाकडे होतं. तिनं पाटीकडे पाहिलं आणि हसली.

"बघताय होय अजून? किती वेळा बघाल!"

मिस्त्रीनं घसा साफ केला. "ज्या दिवशी आणलं, त्या दिवशी मी काय केलं होतं गं?"

"मला विचारता? लाज नाही वाटली तेव्हा!" तिचे गाल या वयातही लाल झाले. "मला उचललंत. ओट्यापासून थेट पलंगापर्यंत. मी ओरडतेय, अहो पाठ धरेल, आणि तुम्ही आपले 'मिळालं, मिळालं'. रात्री पाठ धरलीच. मग मी शेक दिला. सत्तावन्न वर्षांचा माणूस!"

"हो," मिस्त्री म्हणाला. "हो ना."

"आठवतंय की नाही?"

"न आठवायला काय झालं?"

चहाचा पहिला घोट जिभेला भाजला, ते त्याला बरं वाटलं. निदान हे तरी आत्ता घडतंय. नोव्हेंबरचं मात्र ती काहीच बोलली नाही. नोव्हेंबरात दोन आठवडे ती धाकट्या बहिणीच्या लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. म्हणजे दुसऱ्या हरणाचं तिला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. पाकीट फाडलं, नाणं गटारात टाकलं, की संपलं. आजपासून यादी ठेवायची. नाण्यांची, फोनची, कामांची, सगळ्याची. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. दीड वर्ष काय, चिकाटीनं निभावेल.

एवढ्यात उद्याचं आठवलं, आणि कप बशीवर वाजला.

उद्या सकाळी आठला हॉस्पिटलची स्ट्रेचरची लिफ्ट उघडायची होती. मिस्त्री गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, आणि त्याचा जोडीदार शिडी तळाच्या खड्ड्यात. शिडी म्हणजे त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, वीतभर उंच, अठ्ठावीस वर्षं एकाच जोडीत. खालचा माणूस खड्ड्यात असतो तेव्हा वरचा मेन स्विच पाडतो, त्याला कुलूप घालतो, किल्ली खिशात ठेवतो, आणि खालून 'बाहेर आलो' असं ऐकू येईपर्यंत त्या कुलपाला हात लावत नाही. बाकी सगळी यंत्रं बिघडली तरी चालतील. तेवढी एक गोष्ट वरच्या माणसाच्या डोक्यात राहिली पाहिजे, की खाली माणूस आहे.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," मिस्त्री म्हणाला.

"संकल्प?"

"येऊन लिहितो."

*

चिल्लरमावशीचं दुकान म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या जिन्याखालचं एक काचेचं टेबल. तिला खरं नाव होतं, पण ते वापरायला कुणी उरलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी नाण्यांचे वेडे हमखास येतात म्हणून ती सुट्टी घेतच नसे.

रस्त्यावर लोक एकमेकांना हाका मारून शुभेच्छा देत होते. मिस्त्रीनं दोघातिघांना हात केला. प्रत्येक वेळी तो मनाशी पडताळून पाही. हा माणूस मला ओळखतो. मी याला ओळखतो का? ओळखतो. नाव? नाव आलं, हुश्श. पुढच्याचं आलं नाही. पण ते पूर्वीही येत नसे. येत नसे ना? आता त्याला कशाचीच खात्री देता येत नव्हती. पायाखालच्या जिन्याची एक पायरी सैल आहे असं कळावं, कुठली ते कळू नये, तसा तो जपून पाऊल टाकत होता.

"या हरीणवाले!" मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली. "नवं वर्ष, नवा हट्ट. बसा."

"बसत नाही. एक विचारायचं होतं."

"आधी माझं ऐका. तुमचं तिसरं आलंय."

मिस्त्री टेबलाजवळ सरकला.

तिनं काचेखालून कागदाची पुडी काढली, उलगडली, आणि बोटाच्या टोकानं पुढे सरकवली. पळतं हरीण. तिनं ते उलटवलं. मिस्त्रीला भिंगाची गरज पडली नाही.

"तिसरं," तो म्हणाला.

"विसरलात? मागच्याच महिन्यात सांगून गेलात ना. 'मावशी, शेवटच्या सालचं टिंबाचं आलं तर बाजूला ठेवा, नऊ वर्षं शोधतोय.' मला वाटलं, थट्टा चाललीय. दोन नेलीत आणि वर शोधतोय म्हणे! मी पण म्हटलं, हो हो, तुमच्यासाठी अख्खा कळप हाकून आणते." ती हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "थट्टाच होती ना?"

"नोव्हेंबरात मी एकटा आलो होतो?"

"नाही बाई. तो तुमचा उंच दोस्त होता की. मान वाकवून उभा होता, नाहीतर हा जिना लागतो त्याला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत आला. म्हणाला, मावशी, मिस्त्री पुन्हा हेच मागायला आला तर मला फोन करा. त्याला काही बोलू नका. मी म्हटलं, असेल तुमच्यात काही पैज."

"मग केलात फोन?"

"केला की. डिसेंबरात, तुम्ही सांगून गेलात त्याच दिवशी." तिनं पुडी पुन्हा बंद केली, फार हळू, जणू आत काही झोपलंय. "हरीणवाले, पाणी देऊ?"

"नको. ते दुसऱ्या कुणाला द्या." तो वळला, मग पुन्हा तिच्याकडे वळून म्हणाला, "मावशी, मी पुन्हा मागायला आलो ना, तर हसू नका. नाही म्हणा. सरळ तोंडावर म्हणा, तुझ्याकडे आहे."

"बरं," ती म्हणाली. आजपर्यंत तिला तोंडाचा पट्टा आवरताना कुणी पाहिलं नव्हतं.

*

शिडीला माहीत होतं. दोन महिने माहीत होतं. मिस्त्री भराभर चालत होता आणि चालता चालता त्याच्या डोक्यात एकेक दार उघडत होतं. त्याला वाटत होतं, उघडू नये.

नोव्हेंबरच्या मध्यावर शिडीनं एक नवं कुलूप आणलं होतं, पिवळं. मिस्त्रीनं स्विचला आपलं कुलूप घातलं की तो शेजारच्या भोकात आपलंही अडकवी आणि किल्ली घेऊन खाली जाई. "हे काय लोढणं?" मिस्त्रीनं विचारलं होतं. "कंपनीचा नवा नियम," शिडी म्हणाला होता. "दोन माणसं, दोन कुलपं." मिस्त्रीनं कंपनीला चार शिव्या हासडल्या होत्या आणि विषय सोडून दिला होता.

मग डिसेंबरातली ती दुपार. चार मजल्यांची शाळेची इमारत. मिस्त्री वर मशीनला तेल देत होता. तेल देऊन झालं, हात पुसले, आपलं कुलूप काढलं, आणि स्विच वर करायला हात घातला. स्विच हलेना. पिवळं कुलूप लटकत होतं. "हा बाबा कुलूप लावून चहाला गेला वाटतं," असं म्हणून त्यानं वैतागून ते खडखडा हलवलं होतं. तेवढ्यात खोल खालून, दोरांच्या भोकांतून, शीळ ऐकू आली होती. शिडी खड्ड्यातच होता.

मिस्त्री तेव्हा हसला होता! ह्या क्षणी, भर रस्त्यात, तो जागीच थांबला. त्यानं एका बंद दुकानाच्या शटरला हात टेकला. पत्रा थंडगार होता. पिवळं कुलूप नसतं तर. हात स्विचपर्यंत गेला होता. त्याचाच हात. हा, आत्ता पत्र्यावर ठेवलेला. अठ्ठावीस वर्षं विश्वासानं ज्याच्या खाली एक माणूस उतरत आला, तो हात.

कुणी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "बरं आहे, बरं आहे." खिशातलं पाकीट त्यानं चाचपून पाहिलं. अजून वेळ होता. परत वळता येत होतं. शिडी दोन महिने बोलला नाही, पुढेही बोलणार नाही. दोन कुलपं आहेतच. पिवळं कुलूप आहे तोवर काय बिघडणार आहे?

मग त्याला वाटलं, ज्या दिवशी शिडी कुलूप घरी विसरेल, त्या दिवशी खाली माणूस आहे ही आठवण मी ठेवायची आहे. मी!

तो चालू लागला.

*

लिफ्टच्या कारागिराच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. शिडी तिसऱ्या मजल्यावर राही, आणि वर येणारा प्रत्येक जण धापा टाकत तोच विनोद करी. मिस्त्रीनं केला नाही. शिडीनं दार उघडलं. त्याच्या हातात इस्त्री होती, पलंगावर उद्याचा निळा सदरा पसरलेला. बायको बाजारात गेली होती.

"अरे मिस्त्री! ये ये. संकल्प झाले पण? यंदा काय, हत्तीची नाणी?"

मिस्त्रीनं खिशातलं पाकीट काढलं आणि सदऱ्यावर ठेवलं.

शिडीनं ते वाचलं. त्यानं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, वायर गुंडाळली. एवढं सगळं करून झालं तरी त्यानं वर पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं," मिस्त्री म्हणाला.

"हो."

"कंपनीचा नियम म्हणालास."

"नियम आहेच. पुस्तकात आहे. आपण दोघंच पाळत नव्हतो."

"कुलूप कंपनीनं दिलं?"

"बाजारातून आणलं."

मिस्त्री खाली बसला. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच बसला, ती होती. "शाळेतल्या दिवशी, डिसेंबरात, मी..."

"ऐकलं मी," शिडी म्हणाला. "कुलूप खडखडलं ते. खाली सगळं ऐकू येतं मिस्त्री. म्हणून तर शीळ घातली. ओरडायला गेलो, आवाजच फुटेना. तोंड कोरडं पडलेलं, शीळ तरी कशी निघाली, देव जाणे."

"आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलास."

"उतरलो."

"का?"

"कामच ते." शिडीनं खांदे उडवले, पण ते नीट उडाले नाहीत. "किल्ली दातांत धरतो आता. खिशात ठेवली की सारखं वाटतं, आहे की नाही, आहे की नाही. दातांत धरली की कळतं. घरी गेल्यावर जेवणाला लोखंडाची चव येते. ही म्हणते, मीठ कमी पडलं का? मी म्हणतो, हो."

मिस्त्रीला एकदम राग आला. भीतीनं भरलेल्या माणसाला येतो तसा, जवळच्या माणसावर. "मग गाढवा, तोंड शिवलं होतं का तुझं? दोन महिने! अरे, माझ्या हातून तू मेला असतास! मला सांगायचं नाहीस? बायकोला सांगायचं नाहीस? साहेबाला?"

"काय सांगू?" शिडीचाही आवाज चढला. "काय सांगू मी? मिस्त्री, तुझं डोकं चालत नाही, असं? ज्यानं मला शिकवलं त्याला? पहिल्यांदा खड्ड्यात उतरवलंस तेव्हा माझे पाय लटपटत होते. तू वरून गात बसलास. तासभर. भसाड्या आवाजात. का? तर मला कळावं, तू स्विचपाशीच आहेस. त्या माणसाला जाऊन मी सांगू?" त्यानं श्वास घेतला. "मला वाटलं, दमला असशील. मला वाटलं, नवीन वर्ष लागलं की होईल ठीक. मूर्खासारखं वाटलं."

बाहेर जिन्यात कुणाची तरी मुलं धडधडत उतरली.

"फोन दे," मिस्त्री म्हणाला. "माझा घरी पालथा पडलाय."

"कुणाला करतोस?"

"साहेबाला."

"सुट्टी आहे. उद्या बोलू. मी येतो बरोबर, दोघं मिळून..."

"उद्यापर्यंत माझ्या लक्षात राहील, असं तू लिहून देतोस का?"

शिडीनं फोन दिला. तिकडे घंटी वाजत होती. ठेवून द्यावा. अजूनही ठेवून द्यावा.

"साहेब, मी मिस्त्री बोलतोय. हो, तुम्हालाही. साहेब, उद्या हॉस्पिटलच्या लिफ्टवर मला लावू नका. नाही, ताप नाही. घरी सगळे ठीक आहेत. मला विसरायला होतंय." तो थांबला. पलीकडून काहीतरी हसत बोललं जात होतं. "नाही साहेब, चष्मा किल्ल्या तसं नाही. खाली माणूस आहे हे विसरायला होतंय. मी एकदा स्विचला हात घातला. शिडीच्या कुलपामुळे तो वाचला."

पलीकडचं हसू बंद पडलं.

"डॉक्टरांना दाखवलं?" साहेबांनी विचारलं.

"अजून बायकोलाही दाखवलेलं नाही," मिस्त्री म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. खोलीत थंडी नव्हती. शिडीनं पाकीट त्याच्या खिशात सारलं आणि इस्त्री केलेला सदरा उचलून त्याच्या खांद्यांवर टाकला. तो अजून ऊबदार होता. मिस्त्रीनं तो दोन्ही मुठींनी गळ्याशी धरला. एवढा एक धोंडा उतरला होता, की उद्या तो हात स्विचवर नसेल. पण उरलेला सगळा डोंगर जागच्या जागी होता. आणखी काय काय गेलंय, ते जाणाऱ्यानं सांगून जायची पद्धत नसते. उद्या काय जाईल? कुठलं नाव? कुठला जिना? ओट्यापासून पलंगापर्यंतची ती चाल तर गेलीच.

"शिडी."

"हं."

"नोव्हेंबरात मिळालं तेव्हा मी काय केलं?"

शिडीनं त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता?"

"घरापर्यंत चल. चालता चालता सांग."

ते निघाले. शिडी सांगत होता आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसा. मावशीनं पुडी उलगडली, तेव्हा मिस्त्रीनं आधी दोन्ही हात पाठीमागे घेतले. हात लावू का, असं विचारलं. मग भिंगातून इतका वेळ पाहिलं की मागचं गिऱ्हाईक कंटाळून गेलं.

"मग?"

"मग तू रडलास."

"खोटं."

"शपथ. आणि मला म्हणालास, 'बघ, टिंब बघ, मुंगीचा डोळा.' मी बघितलं. मला काही दिसलं नाही, पण मी म्हटलं, वा! ऑगस्टात पण तू हेच म्हणाला होतास, फोनवर. मुंगीचा डोळा. ते आठवलं आणि मला काय ते कळलं. पण तू एवढा खूश होतास मिस्त्री, की माझ्याच्यानं बोलवेना."

"मग?"

"मग रस्त्यात एका अनोळखी बाईला थांबवून तू दाखवलंस. ती घाबरली. तिला वाटलं, विकतोयस."

मिस्त्रीला हसू आलं. दोनदा मिळाला होता त्याला नऊ वर्षांचा आनंद, आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांपाशीच राहिला होता. एकदा बायकोपाशी, एकदा या उंच माणसापाशी. त्याच्यापाशी एक पाकीट होतं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याची चाल मंदावली. वर खिडकीत बायको फडका झटकत होती. तिनं दोघांना पाहिलं, हात हलवला, आणि आत गेली; नक्की चहाचं आधण वाढवायला. त्या हललेल्या हाताकडे बघून मिस्त्री थांबला. साहेबाला सांगणं काहीच नव्हतं.

"मी सांगू का वहिनींना?" शिडीनं विचारलं.

"नको. तू नुसता उभा राहा. मधेच थांबलो तर ढकल."

दार उघडंच होतं. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी, नळ सुरू, हात ओले. "आलात? बरं झालं भावजी, तुम्ही आलात ते. यांना सांगा जरा, सकाळपासून एकच संकल्प लिहून गेलेत, आणि तोही चुकीचा. मी आत्ता वही बघितली. जे मिळालंय तेच पुन्हा लिहून ठेवलंय, वेंधळे कुठले." ती हसत वळली. दारात दोघं तसेच उभे होते. तिनं एकाचा चेहरा पाहिला, मग दुसऱ्याचा.

"काय झालं?"

मिस्त्रीनं उंबरा ओलांडला. पाठीवर शिडीचा हात टेकलेला होता. ढकलत नव्हता, पण होता.

"अगं, ते हरीण मी दोनदा आणलं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा पहिल्यांदाच आणलं. नळ बंद कर आणि बस. मला फार भीती वाटतेय."

तिनं नळ बंद केला नाही. ती तशीच ओल्या हातांनी त्याच्याकडे आली आणि त्याचं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं, की त्याला दुखलं.